गाडी निघाली का? : घरातील व्यवहार आणि मुलांची उद्यमशीलता

कामणच्या आमच्या मकतबमध्ये असरच्या नमाजनंतर सबक संपला की मुले थोडा वेळ अंगणात खेळतात. मागील हिवाळ्यात एके दिवशी त्यांनी 'गाळा-गाळा' हा खेळ मांडला होता. खडूने जमिनीवर चौकोन आखून त्याला गाळा म्हटले होते. चपलांचे जोड म्हणजे माल आणि एक फुटकी पाटी म्हणजे टेम्पो. एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा मालक झाला होता. समोरच्या मुलाने 'पार्टी' होऊन विचारले, "माल कुठे आहे?" मालकाने हात कानाला लावून क्षणाचाही विलंब न करता उत्तर दिले, "गाडी निघाली भाई, चिंचोटीला पोहोचली असेल!" टेम्पो त्याच्या पायाशीच पडलेला होता. सगळी मुले खो-खो हसली. तो विनोद त्यांना समजावून सांगावा लागला नाही.

मी त्याला जवळ घेऊन विचारले, "गाडी तर इथेच आहे. मग असे का सांगितलेस?" त्याने निरागसपणे सांगितले, "मौलाना, धंद्यात असेच सांगतात."

हे त्याला कोणत्याही शाळेने शिकविले नव्हते, आम्हीही शिकविले नव्हते. चिंचोटी ते अंजूरफाटा या रस्त्यालगत आमच्या परिसरात शेकडो गाळे आणि गोदामे आहेत. आमच्या मशिदीतील बहुतेक नमाजी तेथे मालक, कारागीर, चालक किंवा हमाल म्हणून राबतात. त्यांच्या घरी जेवताना, झोपताना फोन वाजत असतो आणि मुले ऐकत असतात. आपले मूल उद्योगी व्हावे, चार जणांना रोजगार देणारे व्हावे, असे अनेक पालक मला सांगतात. त्यासाठी कोणता अभ्यासक्रम निवडावा, असेही विचारतात. परंतु उद्योगाचा पहिला अभ्यासक्रम घरात सुरू झालेला असतो आणि त्याचे शिक्षक आईवडील असतात, याकडे आपले लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात त्याच घरगुती पाठाचा विचार करावयाचा आहे.

कष्टाची लाज नसावी

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी लहानपणी काही किरातांच्या मोबदल्यात मक्कावासीयांची शेळ्यामेंढ्यांची राखण केली, हे त्यांनी स्वतः सहाबांना सांगितले. सहीह बुखारीत ही हदीस आहे. प्रेषितत्वाच्या उच्च पदावर असतानाही त्यांनी आपल्या बालपणीच्या मजुरीचा उल्लेख टाळला नाही. त्यांचे चुलते अबू तालिब व्यापारी काफिल्यासोबत सीरियाला निघाले तेव्हा ते बालवयातच त्यांच्याबरोबर गेले, असे चरित्रकार सांगतात. पुढे तरुणपणी ह. खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन ते त्याच मार्गाने गेले. म्हणजे व्यापाराची पहिली ओळख त्यांना घरातील वडीलधाऱ्या माणसाच्या सोबतीने झाली होती.

ह. दाऊद (अ.) राजे असूनही स्वतःच्या हातच्या कमाईचे खात असत आणि हाताच्या कमाईपेक्षा उत्तम अन्न कोणी खाल्ले नाही, अशा आशयाची हदीस आपण जाणतो. ह. झकरिया (अ.) सुतारकाम करीत, हेही हदीसमध्ये आले आहे. सूरह जुमुआमध्ये तर नमाज पूर्ण झाल्यावर भूमीवर पसरून अल्लाहची कृपा शोधण्याची आज्ञा आहे आणि ती शोधताना त्याचे पुष्कळ स्मरण करण्याचीही आज्ञा आहे. मशीद आणि बाजार यांच्यामध्ये कुरआनने भिंत उभी केलेली नाही.

आपल्या भूमीचा इतिहासही हेच सांगतो. कामणपासून फार दूर नसलेले सोपारा हे प्राचीन बंदर होते. दहाव्या शतकातील अरब प्रवासी अल-मसऊदी याने या किनाऱ्यावरील सोपारा, ठाणे व चौल या बंदरांचा उल्लेख केला आहे. या किनाऱ्यावर इस्लामची ओळख मुख्यतः व्यापाऱ्यांच्या वागणुकीतून झाली. त्यांचे वजनमाप आणि त्यांचा शब्द लोकांनी आधी पाहिला.

असे असताना आपल्या घरात काय ऐकू येते? थकून आलेला बाप मुलाला म्हणतो, "शिकला नाहीस तर माझ्यासारखा गाळ्यात मरशील." हेतू चांगला असतो. मुलाने शिकावे हीच इच्छा असते. परंतु मुलाच्या मनात एवढेच राहते की अब्बांचे काम ही शिक्षा आहे. पुढे तोच बाप तक्रार करतो की मुलगा धंद्यात लक्ष घालीत नाही. याऐवजी आज मशीन का बंद पडली आणि ती कशी सुरू केली, कोणत्या कारागिराने कोणती युक्ती शोधली, हे जेवताना दोन वाक्यांत सांगितले तरी मुलाला वडिलांच्या कामातील बुद्धी दिसते.

मूल काय पाहते?

अब्दुल्लाह बिन आमिर (रजि.) लहान असताना प्रेषित (स.) त्यांच्या घरी आले होते. आईने मुलाला हाक मारली की ये, तुला काही देते. प्रेषितांनी विचारले की त्याला काय देण्याचा विचार होता? तिने खजूर देणार असल्याचे सांगितले. तेव्हा प्रेषित (स.) म्हणाले की काहीच दिले नसते तर ते एक असत्य म्हणून नोंदले गेले असते. अबू दाऊद यांच्या संग्रहात ही हदीस आहे. एका खजुराची आणि एका लहान मुलाची ही गोष्ट. आपण तिला क्षुल्लक समजलो असतो.

ही हदीस शिकविताना मी स्वतः खाली मान घालतो. एकदा एका गृहस्थांचे पैसे परत करावयाचे होते आणि मजजवळ ते नव्हते. दार वाजले तेव्हा मी माझ्या मुलाला हळूच म्हणालो, "सांग, अब्बा झोपलेत." त्याने जाऊन तसे सांगितले. परत येऊन तो माझ्याकडे पाहत उभा राहिला. मी त्या आठवड्यात जुमुआच्या खुतब्यात अमानतीवर बोललो होतो. दुसऱ्या दिवशी मी मुलाला सोबत घेऊन त्या गृहस्थांकडे गेलो, मुदत मागितली आणि आदल्या दिवशी मी जागा होतो हेही सांगितले. त्या चार पावलांच्या वाटेवर मला जितकी लाज वाटली, तितकी कधी वाटली नव्हती. परंतु मुलापुढे झालेली चूक मुलापुढेच दुरुस्त करावी लागते, हे मला त्या दिवशी कळले.

प्रेषित (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतील धान्य ओले लागले. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. कारण खरे होते. तरीही ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे प्रेषितांनी विचारले आणि फसविणारा आपल्यापैकी नाही, असे बजावले. पाऊस पडणे हा गुन्हा नव्हता. ओले धान्य खाली दडविणे हा होता. आपल्या गाळ्यातही माल खराब होतो, कारागीर गावी जातो, वीज जाते. ही संकटे खरी असतात. 'गाडी निघाली' हे वाक्य मात्र ओल्या धान्यावर पसरलेला कोरडा थर असते.

इमाम अबू हनीफा (रह.) कूफा येथे कापडाचे व्यापारी होते. त्यांच्या भागीदाराने, हफ्स बिन अब्दुर्रहमान यांनी, एक सदोष कापड दोष न सांगता विसरून विकले. ग्राहकाचा शोध लागत नव्हता. इमामांनी त्या व्यवहाराची रक्कम दान करून टाकली. ज्या विद्वानाच्या मताने आज कोट्यवधी मुस्लिम आपले व्यवहार ठरवितात, त्याने बाजार आधी स्वतःच्या दुकानात बसून पाहिला होता.

लहान हाती लहान भांडवल

सूरह निसाच्या सहाव्या आयतीत अनाथांची मालमत्ता सांभाळणाऱ्या पालकांना आज्ञा आहे की मुले विवाहयोग्य वयात येईपर्यंत त्यांची पारख करीत राहावे आणि त्यांच्यात समज आढळली तर त्यांची मालमत्ता त्यांच्या हाती द्यावी. ही पारख मुले मोठी होण्याआधीपासून करावयाची आहे. मुलाला अठरा वर्षे एक रुपयाही हाताळू न देता पुढे एकदम दुकानाची किल्ली देणे, हे या आज्ञेच्या आशयाशी जुळत नाही.

ही पारख कशी करावी, याविषयी फुकहांनी बारकाईने विचार केला आहे. हनफी मतानुसार चांगले-वाईट कळू लागलेल्या मुलाने पालकाच्या परवानगीने केलेली खरेदी-विक्री वैध ठरते. शाफई मतानुसार वयात न आलेल्या मुलाचा सौदा वैध नसतो. पालकाने त्याला भाव करू द्यावा, घासाघीस करू द्यावी आणि सौदा पक्का करण्याची वेळ आली की करार स्वतः करावा. आमच्या परिसरातील कोकणी घरे बहुधा शाफई आहेत आणि उत्तरेकडून आलेली घरे बहुधा हनफी. दोन्ही घरांना यात मार्ग आहे. एका घरातील मुलगा परवानगीने सौदा करील, दुसऱ्या घरातील मुलगा बापाच्या शेजारी उभा राहून भाव करील. मुलाला बाजाराची ओळख व्हावी, यावर दोघांचेही एकमत आहे.

प्रेषित (स.) यांनी उर्वा (रजि.) यांना एक दीनार देऊन बकरी आणावयास पाठविले. त्यांनी त्यात दोन बकऱ्या घेतल्या, एक वाटेतच एका दीनारला विकली आणि बकरीसह दीनार परत आणून दिला. प्रेषितांनी त्यांच्या व्यापारात बरकत व्हावी म्हणून दुआ केली. भांडवल एक दीनार होते आणि कामही एकच होते, परंतु कसे खरेदी करावे याचे बंधन घातले नव्हते. बालवयातील अब्दुल्लाह बिन जाफर (रजि.) मुलांसारखी विक्री करीत बसलेले असताना प्रेषित (स.) तेथून गेले आणि त्यांच्या विक्रीसाठीही त्यांनी दुआ केली, असे एका रिवायतीत आहे. मुलाचा खेळातला व्यापार त्यांनी हसण्यावारी नेला नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कामाची ओळख करून देणे आणि कामाला जुंपणे यांत अंतर आहे. 2016 साली दुरुस्त झालेल्या कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मुलाला केवळ कुटुंबाच्या, धोकादायक नसलेल्या उद्योगात आणि तेही शाळेची वेळ संपल्यावर किंवा सुटीत मदत करता येते. प्रेस मशीन, कटिंग मशीन, रसायने यांच्याजवळ मुलाला नेऊच नये. आमच्या भागात कापलेली बोटे घेऊन फिरणारे तरुण मी पाहिले आहेत. शाळा सोडवून मुलाला गाळ्यात बसविणारा बाप त्याला उद्योजक बनवीत नसतो, स्वतःचा एक मजूर वाचवीत असतो. मुलाला बिल लिहू द्यावे, माल मोजू द्यावा, ईदच्या आधी थोडे भांडवल देऊन टोप्या, अत्तर किंवा खजूर विकू द्यावे. नफा झाला तर तो त्याचा. तोटा झाला तर तो गुपचूप भरून देऊ नये, त्याच्यासोबत बसून हिशेब पाहावा.

मुलींनाही यातून वगळू नये. ह. खदीजा (रजि.) यांचा माल काफिल्यातून परदेशी जात असे. उम्मुल मोमिनीन ह. झैनब बिन्त जहश (रजि.) हस्तकौशल्याने कमवीत आणि कमाई दानधर्मात देत. आमच्या वस्तीत घरोघरी शिलाई, मणीकाम, पॅकिंगचे काम चालते. त्या कामाचा दर कोण ठरवितो, माल कोण नेतो आणि पैसे केव्हा येतात, हे आईने मुलीला समजावून सांगितले तर तीही केवळ हात न राहता व्यवहार जाणणारी होईल.

अमळनेरचे एक घर

आपल्याच महाराष्ट्रातील एक उदाहरण पाहू. जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी 1945 साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी स्थापन केली. वनस्पती तूप आणि त्यातून निघणाऱ्या उपपदार्थापासून कपडे धुण्याचा साबण, असे तिचे काम होते. त्याच वर्षी त्यांचा मुलगा अझीम यांचा जन्म झाला. आई डॉ. गुलबानू यांनी मुंबईत अस्थिविकार असलेल्या मुलांच्या रुग्णालयासाठी आयुष्याचा मोठा भाग वेचला.

1966 साली वडिलांचे अचानक निधन झाले, तेव्हा अझीम प्रेमजी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात अभियांत्रिकी शिकत होते. वय 21 वर्षे. शिक्षण अर्धे सोडून ते परतले आणि तेल-साबणाच्या त्या कारखान्याची जबाबदारी त्यांनी घेतली. सुरुवातीच्या एका सभेत एका भागधारकाने, या कोवळ्या मुलाच्या हाती कंपनी राहू नये, असे तोंडावर सुनावले होते. पुढे त्याच कंपनीचे नाव विप्रो झाले आणि 1980 च्या दशकात ती संगणक क्षेत्रात उतरली. अमळनेरमधील ज्या साध्या कुटुंबांनी सुरुवातीच्या काळातील समभाग जपून ठेवले, तीही संपन्न झाली. अर्धवट राहिलेली पदवी प्रेमजींनी अनेक वर्षांनी पूर्ण केली. शिक्षणासाठी स्थापन केलेल्या आपल्या फाउंडेशनला त्यांनी दिलेल्या संपत्तीचे मूल्य 2019 पर्यंत सुमारे 1 लाख 45 हजार कोटी रुपये झाले होते.

या कथेतील रक्कम पाहून आपण दिपून जातो आणि ती आपल्या कामाची नाही असे समजतो. परंतु पालकांनी त्यातील दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, बापाने कारखान्यापायी मुलाचे शिक्षण थांबविले नव्हते. वेळ आली तेव्हा शिकलेला मुलगा कारखान्याकडे वळला. दुसरी, दान देण्याची सवय कोट्यवधी रुपये आल्यावर लागली असे नव्हे. मुलाने आईला वर्षानुवर्षे इतरांच्या आजारी मुलांसाठी झटताना पाहिले होते, आणि आपल्यावर आईचा सर्वाधिक प्रभाव असल्याचे त्यांनी स्वतः सांगितले आहे.

वही, जकात आणि वाटा

सूरह बकराची 282 वी आयत ही कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत आहे आणि तिचा विषय आहे उधारीचा लेखी व्यवहार. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहून ठेवण्याचा कंटाळा करू नये, असे तीत सांगितले आहे. तरीही आपल्यातील किती घरांत उधारीची वही आहे? भावाभावांत लिहिण्याची लाज वाटते आणि दहा वर्षांनी त्याच न लिहिलेल्या रकमेवरून भाऊ एकमेकांच्या जनाजालाही जात नाहीत. मुलाचे अक्षर चांगले झाले की घराची वही त्याच्याकडे द्यावी. त्यात दुकानदाराचे देणे असेल, मामाकडून घेतलेली रक्कमही असेल.

वर्षातून एकदा जकातीचा हिशेब मुलांसमोर मांडावा. विक्रीचा माल किती, रोकड किती, येणे किती, देणे किती आणि त्यावर अडीच टक्के किती, हे गणित मुलाने केले तर त्याला व्यवसायाचा ताळेबंद कळतो आणि आपल्या मालात इतरांचा हक्क आहे हेही कळते. कारागिराची मजुरी त्याचा घाम सुकण्यापूर्वी द्यावी, ही शिकवण आपण भिंतीवर लावतो. मुलाने ती शनिवारी संध्याकाळी वडिलांच्या हातून दिली जाताना पाहावी. त्याचप्रमाणे वारसाहक्कात बहिणीचा वाटा ठरलेला आहे. ज्या घरात आत्याचा वाटा दाबून गाळा उभा राहिला, त्या घरातील मुलाला अमानतीचा कोणता धडा द्यावयाचा?

तोटा दिसू द्यावा

मदीनेला रिकाम्या हाताने आलेल्या ह. अब्दुर्रहमान बिन औफ (रजि.) यांना त्यांचे अन्सारी भाऊ ह. सअद (रजि.) यांनी अर्धी संपत्ती देऊ केली. त्यांनी दुआ दिली आणि बाजाराचा रस्ता विचारला. पनीर व तूप यांच्या विक्रीने त्यांनी सुरुवात केली. सर्वस्व गमावलेला मनुष्य पुन्हा कसा उभा राहतो, हे मदीनेतील मुलांनी डोळ्यांनी पाहिले असेल. आपण मात्र तोटा मुलांपासून लपवितो. मग नफ्यातील हॉटेल आणि नवे कपडे तेवढे त्यांना दिसतात. घरात अचानक आवाज का चढले, याचे कारण त्यांना कळत नाही. या महिन्यात पार्टीने पैसे अडकविले, म्हणून खर्च कमी करू, एवढे शांतपणे सांगितले तर मूल घाबरत नाही. रिज्क देणारा अल्लाह आहे, हे वाक्य तंगीच्या दिवशी बापाच्या तोंडून शांतपणे ऐकलेले मूल विसरत नाही.

त्या मुलाच्या वडिलांना मी खेळाची हकिकत सांगितली, तेव्हा त्यांना प्रथम राग आला. ते म्हणाले, "मौलाना, तुम्ही मिंबरवर बसता. खरे बोलून गाळा चालवून दाखवा." माझ्याजवळ त्या क्षणी उत्तर नव्हते. हदीस त्यांनाही ठाऊक होती. गाळ्याचे भाडे, विजेचे बिल आणि कारागिरांचा पगार हे प्रश्न माझ्यापेक्षा त्यांनाच अधिक ठाऊक होते. मी इतकेच म्हणालो, "सगळे फोन राहू द्या. मुलगा जवळ असेल तेवढा एक फोन खरा करा."

साधारण महिन्याभराने इशानंतर ते थांबले. त्यांनी सांगितले की मुलगा शेजारी बसलेला असताना फोन आला आणि त्यांनी माल मंगळवारपर्यंत तयार होणार नाही, गुरुवार उजाडेल, असे स्पष्ट सांगितले. समोरच्याने ऑर्डर अर्धी केली आणि उरलेली दुसऱ्या गाळ्याला दिली. मुलाने विचारले, "अब्बा, मग आता?" ते म्हणाले, "आता गुरुवारी अर्धा माल पोहोचवू आणि दुसरे काम शोधू." गुरुवारी ते मुलाला टेम्पोत सोबत घेऊन गेले होते. गेलेली ऑर्डर परत आली नाही, हेही त्यांनी मला सांगितले. सत्य बोलल्याचा मोबदला त्याच महिन्यात रोख मिळेल, असे वचन इस्लामने दिलेले नाही. सत्यनिष्ठ, विश्वासू व्यापारी परलोकी प्रेषित, सिद्दीक आणि शहीद यांच्या सोबत असेल, अशी सुवार्ता मात्र तिर्मिजी यांच्या संग्रहातील हदीसमध्ये आहे.

वाचक बंधूभगिनींनी आज रात्री एवढे करावे. आपण दिवसभरात मुलांच्या कानांवर पडेल असे किती फोन केले आणि त्यांत काय बोललो, ते आठवून पाहावे. उद्याच्या फोनसाठी त्यातूनच निर्णय करता येईल.

हे अल्लाह, आमच्या हातांना हलाल कमाई दे, आमच्या जिभेला सत्य दे आणि आमच्या मुलांना आमच्यातील चांगले तेवढेच उचलण्याची सद्बुद्धी दे. आमीन.